आधी उतारा विचारा

होटगी स्टेशनातून सोलापूरला नोकरीला जाणारी मी नर्स. बरीच वर्षं डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काढली, आता एका त्वचारोगतज्ज्ञ मॅडमांच्या दवाखान्यात आहे. पहिल्या नोकरीत मंद्रूप, वळसंग, अक्कलकोटकडून मोतीबिंदूसाठी आलेल्या म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून टेबलापर्यंत न्यायचं काम होतं. आता मोबाइलमधला एखादा फोटो पुढे करून "सिस्टर, असे ओठ होतील का?" असं विचारणाऱ्या मुलींशी बोलायचं असतं. दोन्ही कामं एकमेकांपासून फार लांबची वाटतात. पण दोन्हीकडे माझ्या ट्रेमध्ये एक औषध सारखंच राहिलं आहे, ते म्हणजे हायल्युरोनिडेज.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याभोवती भुलीचं इंजेक्शन देतात. त्यात हे औषध थोडं मिसळलं की भूल डोळ्यामागे लवकर आणि सगळीकडे सारखी पसरते. छोट्या कुपीत पांढरी भुकटी असते, सलाइन घालून ती विरघळवायची. हीच कुपी स्किनच्या दवाखान्यात वेगळ्या कामासाठी ठेवतात. ओठांत, गालांत भरलेलं फिलर चुकीच्या जागी गेलं तर ते विरघळवणारं औषध हेच. म्हणून गावातली कुणी माझ्याकडे फिलरची चौकशी करायला आली की मी भाव, कंपनी किंवा ओठांचा आकार यातलं काही बोलायच्या आधी एकच विचारते. जिथे करणार आहेस तिथे याचा उतारा ठेवलेला आहे का, आणि रात्री दहा वाजता तो तुला कोण देणार?

फिलर म्हणजे नेमकं काय, हे बहुतेकींना माहीत नसतं. "ओठांना बोटॉक्स करायचंय" असं म्हणत येतात. बोटॉक्स स्नायूला काही महिने ढिला करतं, त्यानं कपाळाच्या आठ्या कमी दिसतात. ओठ किंवा गाल भरत नाहीत. भरण्यासाठी जे वापरतात ते बहुतेक वेळा हायल्युरोनिक अॅसिडचं घट्टसर जेल असतं. हा पदार्थ आपल्या शरीरात मुळातच असतो. कातडीत, सांध्यांच्या वंगणात, डोळ्याच्या आतल्या जेलीसारख्या द्रवात. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी तो पहिल्यांदा वेगळा काढला तो गुरांच्या डोळ्यांतल्याच द्रवातून. शरीरातलं हायल्युरोनिक अॅसिड रोज बनतं आणि रोज मोडतं. ते जास्त दिवस टिकावं म्हणून कारखान्यात त्याच्या साखळ्या एकमेकींना रसायनानं बांधतात. त्यामुळे ओठांत ते साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतं, काहींच्यात त्याहून पुष्कळ जास्त. हायल्युरोनिडेज या साखळ्या तोडतं.

आमच्या भागात लिंगायत आणि जैन घरं भरपूर. होटगीला तर मठच आहे. त्यामुळे हमखास येणारा प्रश्न, "हे जनावराचं असतं का ओ सिस्टर?" पूर्वी कोंबड्यांच्या तुऱ्यांपासून काढायचे, हे खरं आहे. आता नावाजलेल्या कंपन्यांचं फिलर जिवाणूंच्या मदतीनं आंबवून बनवतात. पण उताऱ्याचं औषध, हायल्युरोनिडेज, बहुतेकदा गुरा-मेंढरांच्या ऊतींपासूनच येतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधीच नीट विचार करावा, कारण वेळ आली तर ते घ्यावंच लागेल. ज्यांना मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून पूर्वी अंगभर गांधी उठल्या आहेत, श्वास लागला आहे, त्यांनीही ते डॉक्टरांना आधी सांगायचं. त्यांना या औषधाची अॅलर्जी येण्याची शक्यता जास्त. शेतात, विहिरीवर वाढलेल्या आमच्या मुलींच्या बाबतीत हा प्रश्न मी कधी सोडत नाही.

उताऱ्याचं एवढं महत्त्व का, त्याचं कारण ओठातून जाणाऱ्या रक्तवाहिनीत आहे. चेहऱ्याची मुख्य धमनी जबड्यावरून वर चढते. तिच्या फांद्या दोन्ही ओठांत शिरतात, मग ती नाकाच्या कडेनं डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडे जाते. ओठातली धमनी जेमतेम एक मिलिमीटर जाडीची. बहुतेकांच्यात ती ओलसर आतल्या बाजूला असते, पण सगळ्यांच्यात नाही, आणि एकाच माणसाच्या दोन बाजूही सारख्या नसतात. सुईचं टोक तिच्यात शिरलं आणि जेल आत गेलं, की पुढच्या भागाचं रक्त थांबतं. रक्त थांबलेली कातडी आधी पांढरी पडते, मग जाळीसारखे जांभळे डाग येतात, मग पुरळासारखे फोड, आणि काही दिवसांत तो भाग काळा पडून झडतो. हे क्वचित होतं. चांगल्या हातूनही होतं. चांगला डॉक्टर ते ओळखतो आणि तिथल्या तिथे हायल्युरोनिडेज टोचतो. कॅनडाचे प्लास्टिक सर्जन क्लॉडिओ डीलोरेन्झी यांनी २०१७ मध्ये मांडलेली पद्धत आता बऱ्याच ठिकाणी पाळतात. मोठा डोस द्यायचा, दर तासाला बघायचं, रंग परत येईपर्यंत पुन्हा द्यायचा. म्हणजे एक कुपी असून भागत नाही, अनेक कुप्या हाताशी लागतात. बाजारात धावून आणू म्हणणाऱ्याकडे जाऊ नये.

आता होटगीचा विचार करा. सोलापूर आपल्याला पंधरा-सोळा किलोमीटर. दिवसा वडाप, एसटी, रेल्वे, काहीही मिळतं. रात्री उशिरा कुणाची तरी गाडी काढावी लागते. आणि आपल्यातल्या काही मुली सोलापुरातही करत नाहीत. ओळखीचं कुणी बघेल म्हणून पुण्याला जातात. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचं, दुपारी करून घ्यायचं, त्याच गाडीनं रात्री परत. काही हैदराबादला जातात. होटगी जंक्शन असल्यामुळे विजयपूर, कलबुर्गी, वाडी कुठेही जाणं सोपं, म्हणून लांबचा विचारही सहज होतो. घरात सांगितलेलं नसतं. मैत्रिणीच्या लग्नाला जाते म्हणून निघालेली असते.

फिलरमध्ये बऱ्याचदा लिग्नोकेन म्हणजे बधिर करणारं औषध मिसळलेलंच असतं. त्यामुळे रक्त अडलेल्या भागाची कळ सुरुवातीला जाणवत नाही. ती उठते भूल उतरल्यावर, गाडी दौंडच्या पुढे आल्यावर. ओठ सुजलेला असतो, सूज येणार असं सांगितलेलंच असतं, म्हणून मुलगी सहन करते. घरी येऊन बर्फ लावते. रात्र जाते. रक्त अडलेलं असताना बर्फ लावणं उलट वाईट, कारण आधीच उपाशी असलेल्या कातडीचं उरलंसुरलं रक्तही आखडतं. तिथे कोमट शेक द्यायचा आणि डॉक्टरकडे पळायचं.

अशी एक मुलगी माझ्या ओळखीच्या घरातली. कुठे केलं ते मी लिहीत नाही, ते या लेखाचं काम नाही. तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावलं. वरच्या ओठाची एक बाजू आणि नाकाची कड जांभळी, जाळीदार. तिथे फोन लावला तर "सूज आहे, उतरेल, फोटो पाठवा". आमच्या मॅडमांकडे तिला आणली, हायल्युरोनिडेज दिलं, तास मोजत बसलो. सगळी कातडी वाचली नाही, नाकपुडीच्या कडेला खूण राहिली आहे. पण ओठ वाचला. तिच्या आईला फिलर म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. ती मला एकसारखं विचारत होती, "हिच्या ओठाला काय वाईट होतं की?" मला त्या बाईचा तो प्रश्न अजून सोडत नाही, पण त्या मुलीला रागावणंही मला पटलं नाही. तिनं स्वतःच्या पगारातून स्वतःच्या चेहऱ्यासाठी काही करायचं ठरवलं, यात गुन्हा काही नव्हता. ज्यांनी पैसे घेतले, त्यांनी फोनवर असं टाळायला नको होतं.

आपल्या रंगाबद्दल थोडं सांगायला हवं. परदेशी व्हिडिओंमध्ये 'कातडी पांढरी पडते' म्हणून दाखवतात ते गोऱ्या माणसांचं. सोलापूरच्या उन्हात रापलेल्या, सावळ्या चेहऱ्यावर ते पटकन दिसत नाही. म्हणून मी दाखवून देते. ओठ उलटा करून आतली ओली बाजू बघायची. बोटानं दाबून सोडायचं. दाबलेली जागा फिकी होते आणि दोनेक सेकंदांत पुन्हा लालसर होते. तेवढ्यात झाली नाही, किंवा दोन बाजूंमध्ये फरक दिसला, तर थांबायचं नाही. एका बाजूलाच दुखणं, दुखणं वाढत जाणं, सुई लावली नव्हती त्या जागी, नाकाशी किंवा गालावर, डाग येणं, ही साध्या सुजेची लक्षणं नव्हेत. साधी सूज दोन्हीकडे असते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते आणि मग उतरते.

डोळ्यांच्या थिएटरमधून आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त धास्ती डोळ्याचीच. नाकावर, दोन भुवयांच्या मध्ये, कपाळावर फिलर भरताना जेल धमनीतून उलट्या दिशेनं रेटलं गेलं तर ते डोळ्याच्या धमनीपर्यंत पोचू शकतं आणि तिथून पुढे पडद्याच्या धमनीत अडकतं. २०१५ मध्ये कॅनडाच्या डॉ. केटी बेलेझ्ने आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या वैद्यकीय नियतकालिकांतून फिलरनं दृष्टी गेल्याच्या ९८ घटना गोळा केल्या. सर्वांत जास्त भुवयांच्या मधल्या भागाच्या, त्याखालोखाल नाकाच्या. सगळ्या जगातून ९८ म्हणजे धोका लहानच. पण पडद्याला रक्त नसलं तर तो फार वेळ तग धरत नाही. मूळ पंजाबचे नेत्रतज्ज्ञ डॉ. सोहनसिंग हायरेह यांनी अमेरिकेत माकडांवर प्रयोग करून हे मोजलं. ९७ मिनिटांपर्यंत पडदा सावरतो, त्यानंतर नुकसान कायमचं होऊ लागतं, चार तासांत सगळं संपतं. पुण्याहून सोलापूरपर्यंत यायलाच चार तास लागतात. डोळ्यामुळे आलेल्या अंधारात माणूस कसा चाचपडतो हे मी रोज पाहिलं आहे. मोतीबिंदूचा अंधार काढता येतो, हा काढता येत नाही. म्हणून नाक सरळ दिसावं म्हणून फिलर घ्यायचं म्हणणाऱ्या मुलीला मी स्पष्ट सांगते की नको. हे माझं मत आहे. मॅडमही नाकाला हात लावत नाहीत. फिलर घेताना किंवा घेतल्यावर डोळ्यात एकदम कळ आली, दिसेनासं झालं, पापणी खाली पडली, मळमळ आणि डोकेदुखी सुरू झाली, तर त्याच मिनिटाला डॉक्टरांना सांगायचं आणि डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात जायचं.

सगळी फिलर विरघळत नाहीत, हेही लोकांना माहीत नसतं. गालांसाठी वापरतात ती पॉलिलॅक्टिक अॅसिडची किंवा कॅल्शियमची फिलर हायल्युरोनिडेजनं जात नाहीत. ती वाईट असतात असं नाही, पण ती ज्याच्या हातची, त्याचा अनुभव तितका मोठा हवा. कायमचं म्हणून कुणी पातळ सिलिकॉन भरत असेल तर तिथून उठून यायचं. इतिहास वाचताना मला विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ग्लॅडिस डीकन ही अमेरिकन तरुणी भेटली. तिच्या सौंदर्याची युरोपभर चर्चा होती. नाकाची रेघ अगदी सरळ व्हावी म्हणून तिनं नाकात पॅराफिनचं मेण भरून घेतलं. मेण हळूहळू खाली हनुवटीकडे सरकलं. पुढे १९२१ मध्ये ती मार्लबरोची डचेस झाली, पण चेहरा तसाच राहिला. तेव्हा उतारा नव्हता. आज आहे, आणि तरी तो न ठेवता काम करणारे आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

गालांच्या फिलरबद्दल बोलताना आणखी एक सांगायलाच हवं. लोक फिलर म्हटलं की नट्या आणि नवऱ्या मुली एवढंच डोळ्यांपुढे आणतात. २००४ मध्ये आपल्याकडे सरकारी दवाखान्यांतून एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली आणि त्यांनी कितीतरी जीव वाचवले. पण त्यातल्या स्टॅव्ह्युडिन या गोळीनं काहींच्या गालांतली चरबी वितळून जायची. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये ती बंद करत आणायला सांगितलं. तोपर्यंत घेतलेल्यांचे गाल मात्र आत गेलेलेच राहिले, आणि गावात लोक चेहऱ्यावरून आजार ओळखायला लागले. अमेरिकेत पॉलिलॅक्टिक अॅसिडच्या फिलरला पहिली मान्यता २००४ मध्ये मिळाली ती याच रुग्णांच्या गालांसाठी. अशी एक बाई आमच्याकडे आली होती. गाल थोडे भरल्यावर तिनं आरशात बघितलं आणि आता मी भावाच्या घरच्या लग्नाला जाते म्हणाली. त्या कामाला कुणी नटणं म्हटलं तर मला चालणार नाही.

आमच्या भागातली दुसरी गोष्ट म्हणजे मशेरी. सकाळी उठून हिरड्यांना मशेरी लावणाऱ्या बायका अजून पुष्कळ आहेत, आणि आता तरुण मुलींच्या पर्समध्येही सुपारी-मावा सापडतो. ओठ काळपट झालेत, फिलरनं गुलाबी होतील का, असं विचारतात. फिलरनं रंग बदलत नाही. पण त्याहून महत्त्वाचं, फिलरच्या आधी तोंड उघडून बघायला हवं. एकदा ओठ भरून घ्यायला आलेल्या बाईच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा निघाला. मॅडमांनी सुई बाजूला ठेवली आणि तिला दंतवैद्याकडे, तिथून तपासणीला पाठवलं. पार्लरमध्ये गेली असती तर कुणी आत बघितलंच नसतं. किडलेली दाढ, सुजलेली हिरडी असेल तर आधी ते बरं करायचं. दातांचं काम आणि फिलर यांच्यात किमान दोन आठवडे अंतर ठेवायचं, कारण दातांच्या कामातून रक्तात गेलेले जंतू जेलभोवती ठाण मांडू शकतात. तापानंतर ओठावर वारंवार फोडांचा जर येत असेल तर तेही सांगायचं. सुईनं तो पुन्हा उसळतो आणि आधी गोळ्या घेऊन टाळता येतो. पोटात बाळ असताना किंवा अंगावर पाजत असताना करू नये. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सांगावं, पण आपल्या मनानं बंद करू नये, ज्यांनी ती सुरू केली त्यांना विचारावं.

लग्नसराईत एकदा दोन सख्ख्या बहिणी आल्या. एकीचं लग्न, दुसरी करवली. एका सिरिंजमध्ये एक मिलिलिटर जेल असतं, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. तेवढ्याला वीस-पंचवीस हजारांच्या पुढेच पैसे लागतात. त्यांनी हिशेब केला होता की अर्धं हिला, अर्धं तिला. घरातल्याच तर आहोत, रक्त एकच, म्हणाल्या. असं करायचं नसतं. सुई बदलली तरी सिरिंजमध्ये रक्त मागे ओढलेलं असू शकतं, आणि कावीळ, एचआयव्ही बहिणी-बहिणीत फरक करत नाही. उरलेली सिरिंज पुढच्या वेळेला फ्रीजमध्ये ठेवतो म्हणणाऱ्यांकडेही जाऊ नये. एक सिरिंज, एक माणूस, एकाच बैठकीत. त्या दोघी निमूटपणे उठल्या. थोरलीनं नंतर एकटीनं करून घेतलं आणि धाकटीनं नाही. धाकटीला खरं तर नकोच होतं, असं तिनं मला जिन्यात सांगितलं.

लग्नाचं म्हणाल तर हळदीच्या आधी चार दिवस यायचं नाही. ओठ पूर्ण जागेवर बसायला दोन आठवडे जातात, निळे-काळे डाग पडले तर तेवढेच दिवस लागतात. वर एखादी बाजू कमी-जास्त वाटली तर दुरुस्तीला वेळ हवा. महिना-दीड महिना आधी या. आणि त्यानंतर दोन आठवडे चेहऱ्याला मसाज, फेशियल नको. हळद लावतानाही बायका काय जोरानं चोळतात, ते सगळ्यांना माहीत आहे. सोलापूरचं एप्रिल-मेचं ऊन चाळीस अंशांच्या पुढे जातं. त्या दिवसांत करून घेतलंच तर दुपारी उन्हातून दुचाकीवर घरी जाऊ नका.

पार्लर चालवणाऱ्या बायकांबद्दल माझ्या मनात आदर आहे. एकट्या बाईनं दुकान उभं करून घर चालवणं ही सोपी गोष्ट नाही. पण दोन दिवसांचा कोर्स करून ओठात सुई घालणं हे त्यांचं काम नव्हे. अलीकडे सुई नसलेलं पेन निघालं आहे, दाबाच्या जोरावर जेल कातडीत घुसवतं. सुई नाही म्हणून ते निर्धोक, असं सांगतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑक्टोबर २०२१ मध्ये अशी पेनं वापरू नका असा जाहीर इशारा दिला. जेल किती खोल जातं यावर त्यात कुणाचाच ताबा नसतो, आणि धमनीत गेलं तर पेनवालीकडे हायल्युरोनिडेज नसतं.

आपल्याकडे फिलर हे वैद्यकीय उपकरण धरलं जातं, २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम त्याला लागू होतात. बाहेरून आलेलं असेल तर खोक्यावर आयात परवान्याचा क्रमांक आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असतो. खोकं तुमच्यासमोर फोडायला सांगा. मुदत बघा. आत बॅच क्रमांकाचे छोटे स्टिकर असतात, एक दवाखान्याच्या कागदावर आणि एक तुमच्या कागदावर चिकटवून घ्या. हा कागद जपायचा. पुढे सहा महिन्यांनी गाठ आली, आजारपणात ओठ अचानक सुजला, तर कोणत्याही डॉक्टरला आत काय आहे ते कळायला हवं. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो, घरातला कुठलाही कॉलेजचा मुलगा पाच मिनिटांत बघून देईल. असं विचारलेलं चांगल्या डॉक्टरांना आवडतं. आमच्या मॅडमांना कुणी विचारलं की त्या स्वतः उठून कपाटातल्या हायल्युरोनिडेजच्या कुप्या दाखवतात. संमतीपत्र मराठीत किंवा कन्नडमध्ये वाचून घ्या. इंग्रजी कागदावर घाईघाईनं सही करायला लावत असतील, तर सही करू नका.

वयाबद्दल माझं मत कडक आहे. इंग्लंडनं २०२१ मध्ये कायदा करून अठरा वर्षांखालच्यांना सौंदर्यासाठी फिलर द्यायला बंदी केली. अमेरिकेत ओठांसाठीच्या पहिल्या फिलरला २०११ मध्ये मान्यता मिळाली ती एकवीस वर्षांवरच्यांसाठी. अभिनेत्री उर्फी जावेदनं जुलै २०२५ मध्ये आपल्या ओठांतलं फिलर विरघळवून घेतानाचा व्हिडिओ स्वतःच सगळ्यांसमोर ठेवला. सुजलेला चेहरा लपवला नाही. अठराव्या वर्षापासून ती भरून घेत होती आणि ते जागा सोडून बसत होतं, असं तिनं सांगितलं. तिच्या कपड्यांवरून आमच्या गावात पुष्कळ बोललं जातं. मी मात्र मुलींना तो व्हिडिओ दाखवते. उतारा घेताना किती दुखतं आणि किती सुजतं, ते त्यात दिसतं.

कॉलेजमधली मुलगी आली की मी तिला दार दाखवत नाही. बसवते, पाणी देते, हे कुणी सुचवलं ते विचारते. कधी नवऱ्या मुलाच्या घरचं कुणीतरी ओठ पातळ आहेत म्हणालेलं असतं. तेव्हा तिला सांगते की त्यांच्या म्हणण्यावरून सुई घेऊ नकोस. स्वतःला वाटत असेल, वर्षभर वाटत राहिलं असेल, पैसे स्वतःचे असतील, तर ये, आम्ही नीट करू.

होटगी, मंद्रूप, वळसंगकडून जाणाऱ्या माझ्या बहिणींनो, लांबच्या शहरात लपून जाऊ नका. परत येण्याच्या अंतरात डॉक्टर असू द्या. सकाळची वेळ घ्या, घरातल्या एका तरी माणसाला सांगून, सोबत घेऊन जा. झाल्यावर अर्धा तास तिथेच बसा. आणि हायल्युरोनिडेजची कुपी डोळ्यांनी बघितल्याशिवाय, डॉक्टरांचा रात्री उचलला जाणारा नंबर हातात पडल्याशिवाय त्या खुर्चीत बसू नका.